पिलोमध्ये नवा इमेज फॉरमॅट घालायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायथन शिकवताना फोटो लहान-मोठा करण्याचा धडा आला की पिलो ही लायब्ररी येतेच. मग पुढच्याच आठवड्यात कोणीतरी विचारतं, 'सर, ही अमुक फाइल यात उघडत नाही. मी सपोर्ट घालू का?' घाला की! पण त्यानंतर प्रश्नांचं जे मोहोळ उठतं, त्याची तीच ती उत्तरं वेगवेगळ्या चॅटमध्ये टाइप करून कंटाळलो, म्हणून ती इथे एकत्र केली आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. फारच घाई असेल तर निदान प्रश्न ५ आणि ११ वाचा.

१. पिल आणि पिलो यांत फरक काय? इन्स्टॉल एक करतो आणि इम्पोर्ट भलतंच.

पिल म्हणजे पायथन इमेजिंग लायब्ररी. फ्रेड्रिक लुंड यांनी ती १९९५ च्या सुमारास सुरू केली. तिची शेवटची आवृत्ती १.१.७ ही २००९ ची. पुढे काम थंडावलं आणि २०१० मध्ये ॲलेक्स क्लार्क यांनी तिचा फोर्क (त्याच कोडवरून वेगळी वाट धरलेला प्रकल्प) काढला, तोच पिलो. लोकांचे जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून इम्पोर्ट करायचं नाव पिलच ठेवलं. सुनेचं नाव बदललं तरी माहेरचे जुन्याच नावाने हाक मारतात, तसं. तुमची पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा हा बदल आत घ्या' अशी विनंती, जाणार ती पिलोकडे, गिटहबवर.

२. 'फॉरमॅटचा सपोर्ट घालायचा' म्हणजे नेमकं काय लिहायचं?

एक प्लगइन. पिलोमध्ये जेपेग, पीएनजी, गिफ हे सगळे प्लगइन म्हणूनच बसवलेले आहेत, त्यामुळे तुमचा फॉरमॅटही त्यांच्याच पंगतीत बसतो.

प्लगइनमध्ये आधी येतं ओळख पटवणारं फंक्शन. पिलो फाइलचे पहिले १६ बाइट त्याच्या हातात देते आणि विचारते, 'हे तुझं का?' मग इमेजफाइल या क्लासवर बेतलेला तुमचा क्लास. त्यातली 'ओपन' मेथड, जिच्या नावाआधी अंडरस्कोर असतो, हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) वाचून रुंदी, उंची आणि मोड (पिक्सेल करडा की रंगीत, किती बिटचा) ठरवते. तीच 'टाइल' नावाची यादी भरते: कुठला डीकोडर (बाइटांचे पिक्सेल करणारा कोड) वापरायचा, चित्राचा कुठला भाग, फाइलमधल्या कितव्या बाइटपासून, आणि डीकोडरला आणखी काय सांगायचं. शेवटी रजिस्टर करायचं: हा फॉरमॅट, हे एक्स्टेन्शन, हा माइम टाइप.

नवखे हमखास अडखळतात ती जागा सांगतो. 'ओपन'मध्ये पिक्सेल वाचायचे नसतात. पिलो आळशी आहे आणि मुद्दाम आळशी आहे. फाइल उघडली की ती फक्त हेडर बघते, पिक्सेल कोणी मागेपर्यंत त्यांना हात लावत नाही. हजार फोटोंची नुसती मापं हवी असतील तर हजार फोटो डीकोड होत नाहीत, ते यामुळे. 'ओपन'मध्येच सगळं वाचून टाकणारा कोड चालतो, पण रिव्ह्यूमध्ये परत येतो.

आणि फाइल तुमची नसेल तर सिंटॅक्सएरर फेका. नाव विचित्र वाटेल, कारण यात सिंटॅक्सचा काही संबंध नाही, पण पिलोत तो पूर्वापार संकेत आहे: 'माझं नाही, पुढच्याला विचार.' भलताच एरर फेकलात तर पुढच्या प्लगइनची पाळीच येत नाही आणि वापरणाऱ्याचा प्रोग्राम तिथेच आडवा होतो.

३. मला सी येत नाही. मग काही उपयोग आहे का?

आहे. डीकोडर शुद्ध पायथनमध्ये लिहिता येतो. त्यासाठी पायडीकोडर नावाचा क्लास आहे आणि लिहिण्यासाठी पायएन्कोडर. मुळात बऱ्याच जुन्या फॉरमॅटमध्ये पिक्सेल उघडेच ठेवलेले असतात, तिथे पिलोचा तयार 'रॉ' डीकोडर पुरतो आणि तुमचं काम हेडर वाचण्यावरच संपतं. पायथन डीकोडर हळू असतो हे खरं. पण एक फायदाही आहे: त्यात बफरच्या बाहेर लिहिण्याची चूक होत नाही. सीमध्ये ती एका चुकलेल्या वजाबाकीने होते.

४. सराव म्हणून कुठला फॉरमॅट धरू?

पिलोच्या दस्तऐवजात स्वतःचा प्लगइन लिहिण्यावर एक प्रकरण आहे. त्यात 'स्पॅम' नावाचा खोटा फॉरमॅट घेतलाय: १२८ बाइटचं हेडर, त्यात मापं, पुढे पिक्सेल. तो आधी करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

मग क्यूओआय घ्या. पूर्ण नाव क्वाइट ओके इमेज, म्हणजे 'ठीकठाक चित्र'. डॉमिनिक शाब्लेव्स्की यांनी तो नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर केला. त्याचं अख्खं स्पेसिफिकेशन एका पानात मावतं, आणि मी शिकवायला तोच घेतो तो त्यामुळेच. हेडर १४ बाइटचं: चार बाइटची सही (फॉरमॅटची ओळखखूण), चार रुंदी, चार उंची, एक चॅनलची संख्या, एक कलरस्पेस. पुढे पिक्सेल. मागचाच रंग पुन्हा आला तर 'असेच आणखी इतके' एवढंच लिहायचं. मघाशी येऊन गेलेला रंग असेल तर ६४ खणांच्या तक्त्यातला खण सांगायचा. मागच्या रंगापेक्षा थोडाच वेगळा असेल तर नुसता फरक लिहायचा, त्याचे लहान आणि मोठा असे दोन प्रकार. यातलं काहीच जमलं नाही तर पूर्ण रंग, अल्फासह (म्हणजे पारदर्शकतेसह) किंवा अल्फाशिवाय. असे सहा प्रकार झाले, बास.

खण शोधायची रीत: लाल गुणिले ३, हिरवा गुणिले ५, निळा गुणिले ७, अल्फा गुणिले ११, सगळ्यांची बेरीज करून ६४ ने भागा, बाकी राहील तो खण. 'असेच आणखी' एका बाइटमध्ये जास्तीत जास्त ६२ वेळा सांगता येतं. सहा बिट असताना ६४ का नाही? कारण ६३ आणि ६४ साठी जे बाइट झाले असते, २५४ आणि २५५, ते पूर्ण रंगाच्या दोन प्रकारांना दिलेत. मुलं इथे हमखास चुकतात. दुसरी चूक सुरुवातीलाच होते: तक्ता सगळा शून्याने भरलेला असतो, पण 'मागचा पिक्सेल' मात्र काळा आणि अपारदर्शक, म्हणजे अल्फा २५५, धरायचा. तोही शून्य धरला तर काही चित्रं बरोबर येतात आणि काहींचा कोपरा गायब होतो. मग दोन दिवस डोकं धरून बसायचं.

हा फॉरमॅट पिलोत आधीच आहे. एप्रिल २०२३ च्या ९.५.० आवृत्तीत त्याचं वाचन आलं, तेही शुद्ध पायथनमध्ये. म्हणून तो तुम्हाला पाठवता येणार नाही. पण आधी स्वतः लिहा आणि मगच त्यांची फाइल उघडून ताडून बघा. उलट क्रमाने केलंत तर काही शिकणार नाही.

५. आधी कोड लिहू की आधी इश्यू उघडू?

इश्यू, म्हणजे गिटहबवरची चर्चेची नोंद. कोडला दोन शनिवार-रविवार लागतात. तो सांभाळायला दहा वर्षं लागतात, आणि ती तुमची नसून मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या मंडळींची असतात. तुम्ही परीक्षा, नोकरी, लग्न यांत अडकाल तेव्हा त्या फॉरमॅटचे बग त्यांच्याच दारात येतील. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न 'हे चालतं का' हा नसतो. 'हे कोणाला हवंय आणि उद्या कोण बघणार' हा असतो.

इश्यूमध्ये एवढं लिहा: फॉरमॅट कोण वापरतं, स्पेसिफिकेशन उघड आहे का, बाहेरची कुठली सी लायब्ररी लागते, तिचं लायसन्स काय, फक्त वाचायचंय की लिहायचंही. दोन परिच्छेद पुरे. 'आय वुड लाइक टू कॉन्ट्रिब्यूट, प्लीज असाइन' एवढंच लिहून थांबू नका. त्याचं उत्तर देण्यासारखं त्यात काही नसतं.

६. 'हे वेगळं प्लगइन म्हणून प्रकाशित करा' असं उत्तर आलं. गोड शब्दांत नकारच ना?

नाही. प्लगइन वेगळ्या पॅकेजमध्ये राहू शकतं आणि इम्पोर्ट केलं की घरच्यासारखंच चालतं. आयफोनच्या फोटोंसाठी लोक पिलो-हाइफ वापरतात, ते असंच स्वतंत्र आहे. फरक एवढाच की वापरणाऱ्याला ते स्वतः इम्पोर्ट करावं लागतं. विशिष्ट नावाच्या फाइली शोधून आपोआप चढवण्याची सोय पूर्वी होती, ती २.१.० पासून काढून टाकली. 'प्लगइन इन्स्टॉल केलं तरी उघडत नाही' अशी तक्रार आली की आधी इम्पोर्टची ओळ आहे का ते बघा. दहातल्या नऊ वेळा नसते.

वेगळं प्लगइन चाललं, लोकांनी वापरलं, की आत घेण्याचा मुद्दा आपोआप बळकट होतो. त्याचं उदाहरण पुढच्या उत्तरात.

७. एव्हीआयएफला इतकी वर्षं का लागली?

एव्हीआयएफ हा फोटोंचा नवा फॉरमॅट, त्याचं स्पेसिफिकेशन २०१९ चं. त्याचं स्वतंत्र प्लगइन लवकर आलं, पिलोत घेण्याचा प्रस्ताव २०२१ मध्ये आला, आणि तो आत गेला २०२५ मध्ये. चार वर्षं! बाहेरून बघणाऱ्याला हा सरकारी कचेरीतला कारभार वाटेल. पण पुढे काय झालं ते ऐका.

एप्रिल २०२५ ला ११.२.० आवृत्ती निघायला लागली. व्हील म्हणजे तयार बांधलेली पॅकेजं. त्यात आता लिबएव्हीआयएफ ही एव्हीआयएफची लायब्ररी आणि तिच्या पोटातले कोडेकही भरायचे होते. पिलो अनेक ऑपरेटिंग सिस्टिम, अनेक प्रोसेसर आणि पायथनच्या अनेक आवृत्त्यांसाठी व्हील काढते. प्रत्येकात थोडी भर म्हणजे एकूण डोंगर. पायपीआयवर, म्हणजे पायथनची पॅकेजं जिथून उतरतात त्या कोठारात, प्रत्येक प्रकल्पाला जागेची मर्यादा असते. ती भरली आणि रिलीज मध्येच थांबवावी लागली. मर्यादा नंतर वाढवून मिळाली, पण व्हीलच्या आकाराची काळजी होतीच, म्हणून ११.२.१ निघाली ती लिबएव्हीआयएफ व्हीलमधून वगळून. कोड आत, लायब्ररी बाहेर. बहुतेक व्हीलमध्ये ती आली जुलै २०२५ च्या ११.३.० मध्ये.

या गोष्टीत कोडच्या एका ओळीलाही अडचण नव्हती हे लक्षात आलं का? तुमच्या फॉरमॅटला बाहेरची लायब्ररी लागत असेल, तर तुम्ही लिनक्स, मॅक, विंडोज सगळीकडे ती बांधण्याची जबाबदारी टाकत आहात. तिच्यात भोक सापडलं तर पिलोलाही नवी आवृत्ती काढावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या वेबपीच्या लायब्ररीमध्ये सीव्हीई-२०२३-४८६३ हा गंभीर दोष निघाला, तेव्हा पिलोच्या कोडमध्ये काही चुकलेलं नसतानाही १०.०.१ तातडीने काढावी लागली.

८. आयफोनचे एचईआयसी फोटो पिलो थेट का उघडत नाही? भारतात तर सॉफ्टवेअरचं पेटंटच नसतं ना?

एचईआयसीच्या आत एचईव्हीसी नावाचं व्हिडिओ कॉम्प्रेशन आहे आणि त्यावर पेटंटं आहेत. शिवाय नेहमीची लायब्ररी लिबहाइफ एलजीपीएल लायसन्सखाली आहे आणि एन्कोडिंगसाठी वापरली जाणारी एक्स-२६५ तर जीपीएलखाली (तिचा कोड घेऊन काही वाटलं तर तेही त्याच अटींवर खुलं ठेवावं लागतं; एलजीपीएल त्याचा सौम्य भाऊ). पिलोचं स्वतःचं लायसन्स एकदम मोकळं, एमआयटी-सीएमयू प्रकारचं.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(के) नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट नाकारतं, हे खरं. पण त्यातला 'नुसत्या' हा शब्द विसरू नका; मोबाइल तंत्रज्ञानाच्या पेटंटवरून दिल्ली उच्च न्यायालयात खटले चाललेले आहेत. आणि व्हील काही फक्त नाशिकला उतरत नाहीत. तोपर्यंत प्रश्न ६ मधला मार्ग आहेच.

९. देजाव्हूचं काय? जुनी मराठी पुस्तकं त्यातच स्कॅन केलेली आहेत.

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण तो विचारणारे बहुतेक विकिस्रोतवर काम करणारे असतात. देजाव्हू हा स्कॅन केलेल्या पानांचा फॉरमॅट एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात तयार झाला. अक्षरं एका थरात, कागदाचा पोत दुसऱ्यात, असं वेगळं करून तो पान फार लहान करतो.

अडचण लायसन्सची. देजाव्हूलिब्रे ही लायब्ररी जीपीएलखाली आहे. ती पिलोच्या व्हीलमध्ये गुंडाळली तर त्या व्हीलवर जीपीएलच्या अटी येतात, आणि पिलो वापरणाऱ्या असंख्य कंपन्यांचे वकील जागे होतात. वेगळं प्लगइन करून त्याला जीपीएल लायसन्स द्या, काही हरकत नाही. किंवा आधी पानं टिफमध्ये काढून घ्या आणि मग पिलोने उघडा. सुंदर नाही, पण आज दुपारी होण्यासारखं आहे.

१०. टेस्टसाठी फोटो कुठून आणू?

स्वतः बनवा. गूगलवरून उचललेला फोटो चालणार नाही, कारण टेस्टमधला फोटोही पिलोबरोबर, पिलोच्याच लायसन्सखाली वाटला जातो. तुमच्या घराच्या खिडकीतून काढलेला फोटो चालेल. मावशीच्या लग्नाचा अल्बम नको.

पिलोचा स्वतःचा ठरलेला फोटो ग्रेस हॉपर यांचा आहे, कॉम्प्युटरच्या इतिहासातल्या मोठ्या नावांपैकी एक. पूर्वी तिथे, जगभर चालायचा तसा, लीना नावाच्या मॉडेलचा फोटो होता. तो बदलला ते बरंच झालं. तुमच्या फॉरमॅटमध्ये हॉपरचा फोटो रूपांतरित करा आणि टेस्टमध्ये मूळ चित्राशी ताडून बघा. पण रूपांतर तुमच्याच एन्कोडरने करू नका. वाचणारा आणि लिहिणारा दोघंही एकच चूक करत असतील तर टेस्ट आनंदाने पास होते. फॉरमॅटच्या मूळ कर्त्यांचं साधन वापरा.

फाइल लहान ठेवा. काही किलोबाइट पुरतात, आणि गिटमध्ये एकदा गेलेली मोठी फाइल इतिहासात कायमची राहते.

११. फाइल खराब असेल, किंवा कोणी मुद्दाम खराब बनवली असेल, तर?

रिव्ह्यूचा निम्मा वेळ इथेच जातो आणि जायलाच हवा. पिलो जिथे चालते त्यातल्या कितीतरी वेबसाइटवर अनोळखी माणूस फोटो अपलोड करतो. तुमचा डीकोडर म्हणजे त्या वेबसाइटचा पुढचा दरवाजा.

क्यूओआयचंच गणित करू. एका बाइटमध्ये ६२ पिक्सेल. म्हणजे एक मेगाबाइटची फाइल सहा कोटी पन्नास लाख पिक्सेल उलगडू शकते, आणि पिक्सेलला चार बाइट धरले तर साधारण २५० मेगाबाइट मेमरी. अशा फाइलींना डीकॉम्प्रेशन बॉम्ब म्हणतात. पिलोची मर्यादा ८,९४,७८,४८५ पिक्सेल: त्यापुढे इशारा, दुपटीपुढे सरळ एरर. ही तपासणी पिलो तुम्ही सांगितलेल्या रुंदी-उंचीवर करते. म्हणून तुमच्या फॉरमॅटमध्ये माप एका ठिकाणी आणि खरी पिक्सेलसंख्या दुसऱ्या ठिकाणी असेल, तर दोन्ही जुळतात का ते तुम्हीच बघायचं.

टेस्टमध्ये एवढ्या फाइली तरी हव्यात: मधेच तुटलेली, माप शून्य असलेली, हेडरमध्ये न मावणारा आकडा असलेली, सही बरोबर पण पुढे कचरा असलेली. तुटलेल्या फाइलीवर एरर यायला हवा. अर्धं चित्र गुपचूप देऊन मोकळं व्हायचं नाही. अर्धवट चित्रंही हवी असणाऱ्यांसाठी पिलोत वेगळा स्विच आहे, तो वापरणाऱ्याने स्वतः चालू करायचा.

सी कोड असेल तर तो व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाखालीही चालवला जातो. शिवाय गूगलच्या ओएसएस-फझ योजनेत पिलो आहे, म्हणजे एक यंत्र रात्रंदिवस वेडेवाकडे बाइट तिच्या तोंडात कोंबत असतं. तुम्ही न कल्पिलेली फाइल ते शोधून काढतंच.

१२. माझ्या फॉरमॅटला सुरुवातीची सहीच नाही. ओळख कशी पटवू?

अवघड दुखणं. टीजीए हा जुना फॉरमॅट असाच आहे: पहिल्या बाइटमध्ये ठरलेलं काही नाही. म्हणून पिलोत त्याला ओळख पटवणारं फंक्शन नाही. तो थेट हेडर वाचायला घेतो, आकडे संभवनीय आहेत का बघतो आणि नसले तर माघार घेतो. तुम्हालाही तसंच करावं लागेल, पण तपासण्या कडक ठेवा. सैल ठेवलात तर दुसऱ्यांच्या फाइलीही तुम्हीच गिळाल, आणि बग मात्र त्यांच्या नावावर चढतील.

उलटा प्रकारही असतो: एकच सही, अनेक फॉरमॅट. कॅमेऱ्यांच्या डीएनजीसारख्या बऱ्याच रॉ फाइली टिफच्याच सहीने सुरू होतात. एव्हीआयएफ आणि एचईआयसी एकाच डब्याच्या रचनेचे आहेत. पाचव्या ते आठव्या बाइटमध्ये दोघांतही 'एफटीवायपी' असतं आणि खरा ब्रँड त्याच्या पुढे. काही फाइलींत तोही संदिग्ध असतो. तेव्हा 'असेल बहुतेक माझंच' म्हणून स्वीकारायचं, आत नीट तपासायचं आणि नसेल तर सिंटॅक्सएरर, प्रश्न २ मध्ये सांगितलाय तो.

१३. माझ्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक रंगाला १६ बिट आहेत. मोड कुठला देऊ?

नाही असा मोड. पिलोत करड्या रंगासाठी १६ बिटची सोय आहे, पण १६ बिटचा लाल-हिरवा-निळा मोड नाही. १६ बिटचा रंगीत पीएनजी उघडला तरी तो ८ बिटवर येतो. तुम्हालाही तेच करावं लागेल आणि दस्तऐवजात तसं स्पष्ट लिहावं लागेल. नवा मोड घालण्याचा विचार मनात आला असेल तर आत्ताच सोडा. मोड लायब्ररीच्या पायात आहेत, आणि तुम्ही आलात पोटमाळा बांधायला.

१४. आधी फक्त वाचणं दिलं तर चालेल का?

चालेल, आणि तसंच करावं. पिलोत फक्त वाचता येणारे कितीतरी फॉरमॅट आहेत. फोटोशॉपचा पीएसडी त्यातलाच. एवढंच नाही, नुसती ओळख पटवणारे प्लगइनही आहेत, उदाहरणार्थ हवामानाच्या आकडेवारीचे ग्रिब आणि बीयूएफआर हे फॉरमॅट. त्यांचं डीकोडिंग वापरणाऱ्याने बाहेरून जोडायचं. छोटी पुल रिक्वेस्ट लवकर वाचली जाते. लिहिणं पुढच्या खेपेला.

१५. ॲनिमेशनही असतं आमच्या फॉरमॅटमध्ये.

मग फ्रेमची संख्या, पुढे-मागे जाणं आणि कितव्या फ्रेमवर आहोत हे सांगणं, या गोष्टी गिफ आणि वेबपी जशा करतात तशाच करा. शेवटच्या फ्रेमच्या पुढे गेलं की ईओएफएरर. मागे जाऊन पुन्हा पहिली फ्रेम मागण्याची टेस्ट नक्की लिहा, कारण बहुतेक पहिले प्रयत्न तिथेच कोसळतात.

१६. माझ्या लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास, पण सीआय लाल. का?

सीआय म्हणजे तुमचा कोड वेगवेगळ्या यंत्रांवर आपोआप तपासणारी व्यवस्था. विंडोजवर उघडी फाइल पुसता येत नाही. तुमचा कोड फाइल बंद करायला विसरला असेल तर लिनक्सवर कळतच नाही, विंडोजवर लगेच कळतं. हे पहिलं कारण. दुसरं: बाहेरची लायब्ररी त्या यंत्रावर नसते, तेव्हा टेस्ट वगळली गेली पाहिजे, नापास होता कामा नये. तिसरं: ३२ बिट किंवा उलट्या बाइटक्रमाच्या मशीनवर आकडे फिरतात. आकडे वाचताना बाइटक्रम कायम स्पष्ट लिहा.

कव्हरेज (टेस्टमध्ये प्रत्यक्ष चाललेल्या कोडचं प्रमाण) घसरल्याचा शेरा आला तर टेस्ट वाढवा. आणि फॉरमॅटरने अख्ख्या जुन्या फाइलीची मांडणी बदलली असेल तर ते कमिट वेगळं ठेवा. एका दुसऱ्या प्रकल्पात मी अकरा ओळींच्या दुरुस्तीबरोबर सातशे ओळींची मांडणी बदलून पाठवली होती. रिव्ह्यूअरने शांतपणे एकच वाक्य लिहिलं, 'यातल्या कुठल्या ओळी तुझ्या?' अजून आठवलं की कान गरम होतात.

१७. दीड महिना झाला, कोणी बघितलंही नाही. काय करू?

पिलो वर्षातून चारदा निघते: २ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १५ ऑक्टोबर. या तारखांच्या आधीच्या आठवड्यात नवा फॉरमॅट पुढे रेटू नका, तेव्हा सगळे रिलीजच्या गडबडीत असतात. तारीख उलटल्यावर एक सभ्य आठवण टाका, आणि तिच्याबरोबर काहीतरी नवं द्या: मुख्य ब्रांचशी जुळवून घेतलेला कोड, एखादी वाढीव टेस्ट. नुसतं 'एनी अपडेट?' तिसऱ्यांदा लिहिलं की ते वसुलीसारखं वाटतं.

१८. मी कंपनीत नोकरी करतो. रात्री घरी लिहिलेला कोड माझाच ना?

करारपत्र काढून वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळं काही ठरलं नसेल तर नोकरीच्या कामाच्या ओघात केलेल्या निर्मितीचा पहिला हक्क मालकाचा. घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, कामाशी संबंध नसलेलं लिहिलं तर बाजू भक्कम असते. पण काही करारांत 'नोकरीच्या काळात केलेलं सगळं' अशी रुंद कलमं असतात. तुमची कंपनी इमेज प्रोसेसिंगच करत असेल तर सरळ एचआरकडून लेखी परवानगी घ्या. तोंडी 'कर रे, काही नाही होत' याला अर्थ नाही.

१९. एआयकडून कोड लिहून घेतला तर कळतं का?

रिव्ह्यूअर विचारेल, 'ही तपासणी इथे का आहे?' त्याचं उत्तर तुम्हाला देता आलं तर कोड कसा लिहिला हा तुमचा प्रश्न. नाही देता आलं तर कळतं. डीकोडरच्या बाबतीत मला वेगळीच भीती आहे: अशा कोडमध्ये दुसऱ्या एखाद्या जीपीएल प्रकल्पातला तुकडा जसाच्या तसा उतरला असेल, तर प्रश्न ९ मधली अडचण मागच्या दाराने येते.

२०. माझं इंग्रजी कच्चं आहे.

लहान वाक्यं लिहा. 'ही फाइल घेतली, हे अपेक्षित होतं, हे झालं.' चांगली टेस्ट फाइल चार परिच्छेदांपेक्षा जास्त बोलते.

२१. मर्ज झालं! आता?

दस्तऐवजातल्या फॉरमॅटच्या यादीत तुमचा फॉरमॅट वर्णानुक्रमाने बसलाय का आणि 'कुठल्या आवृत्तीपासून' ही ओळ आहे का ते बघा. रिलीज नोट्समध्येही नोंद हवी. आणि गिटहबवर त्या फॉरमॅटच्या नावाने येणाऱ्या इश्यूंच्या सूचना चालू ठेवा. पहिला बग बहुधा रिलीजच्याच आठवड्यात येतो, तुम्ही कधी न पाहिलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या फाइलीसकट.

२२. पिलोने चित्रावर मराठी लिहिलं की वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. हा फॉरमॅटचा बग आहे का?

नाही, पण हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याला इथे जागा दिली. ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी आणणं, जोडाक्षर जुळवणं, हे पिलोची साधी मांडणी करत नाही. ते राक्म ही लायब्ररी करते आणि तिला फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी लागते. विंडोजवर बहुधा तीच सापडत नाही. पिलोच्या फीचर्स मॉड्यूलला विचारलं की राक्म आहे की नाही ते एका ओळीत कळतं. तिथे 'नाही' आलं तर फॉन्ट बदलून काही होणार नाही, आधी फ्रिबिडी बसवा.